सायकलची सीट कोणत्या काळाची?

परवा सकाळी पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. बाबांच्या सायकलला सुरुवातीला सीट कोणती होती?"

मी "कोणत्या सायकलच्या?" असं उगाचच विचारलं. कोणत्या ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमचा दादा २०२२ साली गेला. त्याची शर्यतीची सायकल गेली कित्येक वर्षं त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत जुन्या कुंड्या आणि गणपतीच्या मखराच्या फळ्यांमागे उभी होती. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना निखिलने ती बाहेर काढली. निखिल सेहेचाळीस वर्षांचा आहे, संगणकाच्या नोकरीत आहे, आणि या वयात त्याला सायकलीचं वेड लागलं आहे. दर रविवारी पहाटे घट्ट कपडे घालून लोणावळ्याला जाऊन नाश्त्याला परत येतो. (आमच्या काळी घट्ट कपडे घालून बाहेर पडायला सर्कशीत नोकरी लागत असे. असो.) त्याच्यासारख्याच जुन्या सायकली गोळा करणाऱ्या चारपाच मित्रांचा एक कंपू आहे. तेव्हा घरातच खाण सापडल्यासारखं झालं त्याला.

सायकल मूळची इंग्लंडची, रॅले कंपनीची. दादाने ती १९६५ साली मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून जुनी म्हणून घेतली होती. पुढच्या नळीवर पितळी बिल्ला आहे, त्यावर बगळ्याचं डोकं. निखिलने राकेल आणि मऊ फडकं घेऊन सीटखालच्या नळीवरचा मळ काढला, तेव्हा आत एक हिरवट लेबल निघालं : रेनॉल्ड्स ५३१. हे त्या काळातल्या उत्तम पोलादी नळ्यांचं नाव. १९३५ साली ते पोलाद बाजारात आलं आणि पुढे कितीतरी वर्षं चांगल्या शर्यतीच्या सायकली त्याच्याच बनत होत्या. नळ्या टोकाला जाड आणि मध्ये पातळ असतात, म्हणजे जिथे जोड तिथे ताकद आणि बाकीच्या ठिकाणी वजन कमी. सांगाड्यावरच्या नंबरावरून निखिलने असा अंदाज बांधला की सायकल १९५५-५६च्या आसपासची असावी. लेबल दिसल्यावर त्याने मला फोटो पाठवला होता. मी चष्मा लावून पाहिला आणि फोन बाजूला ठेवला.

तर, सगळी सायकल जमली. चाकं, ब्रेक, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, सगळं होतं किंवा मिळालं. अडलं ते सीटवर. यावर निखिलच्या घरी आणि त्याच्या कंपूत जे तीन तट पडले आहेत ते ऐकून मला आमच्या शाळेतल्या शिक्षकखोलीची आठवण झाली. तिथेही मुख्य विषयावर एकमत आणि खडू कुठल्या रंगाचा यावर तास तासभर वाद.

पहिला तट खुद्द निखिलचा. सायकल गच्चीवर सापडली तेव्हा तिच्यावर एक सीट होतीच. भारतीय बनावटीची, रुंद, काळ्या रेक्झिनची, खाली स्प्रिंगा. रेक्झिन फाटून आतला काथ्या दिसत होता. निखिलचं म्हणणं, "ही बाबांची सीट आहे. लहानपणापासून मी हीच पाहिलीय. हिच्यावर नवं रेक्झिन चढवायचं आणि हीच लावायची."

दुसरा तट त्याच्या एका मित्राचा. त्याला हवी आहे इटालियन सीट. प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर पातळ गादी आणि वरून मऊ चामडं. १९८०च्या सुमारास आलेली सेले इटालियाची 'टर्बो' नावाची सीट त्याने सुचवली. ज्या फ्रेंच बर्नार्ड इनोने टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकली तो याच सीटवर बसायचा म्हणे.

आणि तिसरा तट, जो सायकल रंगवून देणार आहे त्याचा. तो म्हणतो, डोळे मिटून मधाच्या रंगाची ब्रुक्स लावा, हँडलला त्याच रंगाची चामडी पट्टी गुंडाळा, फोटो झकास येतील.

आता मी काही सायकलीतला तज्ज्ञ नाही. बी.ए. झालो तोही मराठी माध्यमातून, आणि उभा जन्म व्याकरण शिकवण्यात गेला. पण एकतीस वर्षं सायकलवरून शाळेत गेलोय, आणि या एका सायकलबद्दल मला असं काही ठाऊक आहे जे आता दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. म्हणून माझं मत सांगतो. जरा पाल्हाळ लागेल, चालवून घ्या.

आधी हे पाहू की 'काळाला साजेशी' म्हणजे काय. आमच्या व्याकरणात भूतकाळ एक नाही. 'तो गेला' हा साधा भूतकाळ, 'तो गेला होता' हा पूर्ण, आणि 'तो जात असे' हा रीतिभूतकाळ. मुलं परीक्षेत हमखास इथे घोळ घालायची. जुन्या सायकलींची हौस असलेली मंडळी तोच घोळ घालतात असं मला वाटतं. सायकल कारखान्यातून बाहेर पडली तो एक काळ, तिच्यावर कुणी जीव लावून शर्यत खेळला तो दुसरा, आणि पुढे वर्षानुवर्षं कुणी तिच्यावरून कामाला जात असे तो तिसरा. सीट यातल्या कोणत्या काळाची हवी, हे ठरवल्याशिवाय कॅटलॉग उघडण्यात अर्थ नाही.

त्या इटालियन सीटचं प्रकरण सोपं आहे, ते आधी निकालात काढू. इटलीत टस्कनी प्रांतात गायोले नावाचं गाव आहे. तिथे १९९७पासून 'एरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते. निखिलच्या कंपूचं ते पंढरपूर. तिथला नियम असा की सायकल १९८७च्या आधीची हवी, गिअरचे खटके खालच्या नळीवर हवेत, पायडलला चामडी पट्ट्यांचे पिंजरे हवेत, आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या पट्टीखालून न नेता बाहेरून कमानीसारख्या आलेल्या हव्यात. नियम चांगला आहे. पण तो जत्रेचा नियम आहे. १९८७च्या आधीचं सगळं एकाच पोत्यात घातलं की १९५६च्या सायकलवर १९८०ची सीट चालून जाते. हे पस्तीस टक्क्यांना पास म्हणण्यासारखं झालं. पास म्हणजे बरोबर नव्हे! सायकलच्या सीटमध्ये प्लास्टिकचा सांगाडा आला तोच मुळी साठच्या दशकात, इटलीतच. त्याच्या आधीच्या इंग्रजी सायकलवर अशी सीट म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज. आरामाचे असतीलही, माझी काही तक्रार नाही, पण मग 'काळाला साजेसं' हा शब्द वापरू नये.

आता ब्रुक्स. हे नाव ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाच्या माणसाने १८६६ साली बर्मिंगहॅमला घोड्याच्या सरंजामाचा, चामड्याचा धंदा सुरू केला. गोष्ट अशी सांगतात की त्याचा घोडा मेला, नवा घेणं परवडेना म्हणून त्याने सायकल आणली, आणि तिची सीट इतकी वाईट निघाली की शेवटी त्याने स्वतःच एक बनवली. १८८२ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. त्यांचं 'बी-१७' हे मॉडेल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं, आणि ते आजही बनतं. कंपनी २००२ साली एका इटालियन कंपनीच्या मालकीची झाली, पण ही चामडी सीट अजून इंग्लंडातच, बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेदिक गावात तयार होते.

या सीटची रचना पाहण्यासारखी आहे. तिच्यात गादी नाही. काहीच भरलेलं नाही. आपल्याकडे 'खोगीरभरती' हा शब्द नालायक माणसांच्या भरतीसाठी वापरतात. जी वस्तू नुसती जागा भरते ती खोगीरभरती. ब्रुक्समध्ये ती मुळीच नाही. सुमारे पाच मिलिमीटर जाडीचं एकच कातडं पुढे नाकाशी आणि मागे एका वळणदार पट्टीला रिव्हेट ठोकून ताणून बसवलेलं असतं, बाजेच्या नवारीसारखं. नाकाखाली एक बोल्ट असतो. कातडं सैल पडलं की छोट्या पान्ह्याने तो जरासा फिरवायचा, म्हणजे ताण परत येतो. नवी सीट पाटासारखी कडक असते. शेकडो किलोमीटर बसल्यावर मग हळूहळू बसणाऱ्याच्या बैठकीच्या दोन हाडांखाली दोन खळगे पडतात, आणि तिथून पुढे ती सीट त्या माणसाची होते. नवी कोल्हापुरी पहिले पंधरा दिवस चावते आणि नंतर पायाचीच होते, तसंच. कारणही एकच आहे. दोन्ही चामडी झाडपाल्याच्या रसात कमावलेली असतात. कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. असं चामडं आकार घेतं, आणि एकदा घेतला की सोडत नाही. त्याचे शत्रूही तेच दोन : पाणी आणि जाळाची धग.

हे शेवटचं वाक्य मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. त्याकडे येतोच.

आता तो रंगारी म्हणतो त्याप्रमाणे ब्रुक्स लावायची तर कोणती? हे लोक सगळ्याच जुन्या सायकलींना मधाच्या रंगाची ब्रुक्स लावून मोकळे होतात, हे मला मान्य नाही. आमच्या शाळेत गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक असलं की शिवाजी महाराजांपासून पानसेवाल्या पेशव्यांच्या दरबारापर्यंत सगळ्यांना एकच जिरेटोप असायचा, कारण शाळेकडे तोच होता. तसं चाललंय. सीट ही हँडलवरून ठरते, रंगावरून नाही. माझी शाळेत न्यायची सायकल काळी, वीसेक किलोची, हँडल सरळ. त्यावर माणूस ताठ बसतो, सगळं वजन बुडावर. म्हणून तिला रुंद सीट आणि मागे दोन जाड स्प्रिंगा. ब्रुक्समध्ये 'बी-६६' म्हणतात ती या जातीची, १९२७पासूनची. शर्यतीच्या सायकलचं हँडल वाकडं, माणूस पुढे झुकलेला, अर्धं वजन हातांवर. तिथे सीट अरुंद आणि बिनस्प्रिंगांचीच हवी, नाहीतर पायडल मारताना मांड्या दोन्ही बाजूंना घासतात. दहा किलोमीटरला काही वाटत नाही. शंभराला कातडी सोलते. तेव्हा १९५५-५६च्या, क्लबात वापरायच्या इंग्रजी सायकलवर बी-१७ किंवा तिच्या जवळपासची 'बी-१५', आणि रंग काळा किंवा गडद तपकिरी. मोठमोठ्या तांब्याच्या रिव्हेटांची 'प्रोफेशनल' दिसते छान, पण ती साठच्या दशकातल्या शर्यतवाल्यांची. दहा वर्षं उशिराची.

त्या कंपूतल्या एकाने आणखी एक तोडगा काढला होता. इंग्लंडमधून त्याच सालची, वापरलेली बी-१७ मागवायची. 'अस्सल' मिळेल. मी म्हटलं, बाबा रे, ती कुणाच्या तरी हाडांवर वीस वर्षं बसलेली असणार. दुसऱ्याची कवळी कितीही अस्सल असली तरी आपण तोंडात घालतो का? निखिल हसला, पण त्याला पटलं. जुनी झीज विकत आणून आपल्या सायकलवर डकवायची, यात मला थोडी लबाडीही वाटते.

मग राहिले दोन पर्याय. नवी काळी बी-१७, आणि निखिलच्या बाबांची रेक्झिनची सीट. इथपर्यंत येऊन मी फोनवर गप्प झालो. कारण निखिलची बाजू भक्कम होती. सीटला माणसाचा आकार येतो असं मी इतकं रंगवून सांगतोय, तर ज्या सीटवर त्याचे वडील तीस वर्षं बसून कारखान्यात जात असत, तीच का नको? रीतिभूतकाळ! माझ्याच व्याकरणाने मला पकडलं होतं.

ती का नको, ते सांगायचं तर १९६८ सालचा जुलै महिना सांगायला हवा. तो मी सत्तावन्न वर्षांत कुणाला सांगितला नव्हता. वहिनींनाही नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, पिंपरीला एका कारखान्यात लागलेला. दोन वर्षं तो मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरला होता. ती शर्यत आजच्या पोरांना कदाचित माहीत नसेल. मुंबईहून निघून पनवेल, खोपोली, मग बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा आणि पुणे. घाटात जो पहिला येईल त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. दादा काही नंबरात येणारा नव्हता, पण दुसऱ्या वर्षी घाट न उतरता, न ढकलता चढला होता आणि आमच्या वाड्यात त्याचं केवढं कौतुक झालं होतं. पहाटे चार वाजता उठून तो खंबाटकीपर्यंत जाऊन यायचा. त्या सायकलला वाड्यात कुणी हात लावत नसे. सीटला तो दर महिन्याला खालून-वरून एक मेणासारखं काहीतरी चोळायचा, आणि रात्री सायकल घरात घ्यायचा. आमच्या दोन खोल्यांत माणसं सहा आणि सातवी सायकल.

दादाची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. मित्र म्हणाले, सिंहगडावर जाऊ. त्यांच्याकडे सायकली होत्या, माझ्याकडे नव्हती. मी दादाची घेतली. न विचारता. खडकवासल्याच्या पुढे पाऊस लागला तो असा की समोरचं दिसेना. पायथ्यापर्यंत गेलो, सायकली एका झोपडीच्या वळचणीला, म्हणजे पागोळ्यांच्या बरोबर खाली, लावल्या, गड चढलो, उतरलो, आणि त्याच भिजून पातळ झालेल्या सीटवर बसून पंचवीस किलोमीटर परत आलो. ओल्या चामड्यावर बसू नये हे मला ठाऊक नव्हतं. कातडं ओलं असताना ताणलं की ताणलेलंच राहतं. घरी येऊन पाहतो तर सीट मधोमध झोळीसारखी लोंबत होती.

तरी एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. सीट आपोआप सावलीत दोनतीन दिवस वाळू दिली असती तर कदाचित निम्मी वाचली असती. पण दादा रात्री बारापर्यंत येणार, त्याच्या आत ती कोरडी दिसायला हवी. आई देवळात गेली होती. मी सीट काढली आणि कोळशाच्या शेगडीजवळ धरली. वाळली. खूप छान वाळली. वरून पापडासारखी कडक झाली, आणि मी तिला खोबरेल तेल चोळून परत बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने सीटवर नुसता हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. पान्हा आणला आणि नाकाखालचा बोल्ट फिरवून कातडं ताणून घ्यायला लागला. एक आटा, दोन आटे, थोडं थांबून आणखी. चारपाच दिवसांनी नाकाशी रिव्हेटांच्या ओळीत कातडं फाटलं, टर्रकन. मी खोलीत अभ्यासाला बसलो होतो, मला आवाज ऐकू आला.

त्या काळात परदेशी माल येणं म्हणजे काय होतं ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. दादा मुंबईला दोनदा जाऊन आला, चोरबाजार पालथा घातला. अरुंद शर्यतीची सीट मिळाली नाही. आपल्याकडे बनत होत्या त्या सगळ्या काळ्या सायकलींच्या, रुंद. शेवटी ही रेक्झिनची घेतली आणि तीच घेऊन पुढच्या शर्यतीत उतरला. खोपोलीला त्याने शर्यत सोडली. घाटाच्या पायथ्याशी. ट्रकमधून सायकल घेऊन घरी आला तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हतं. आईने मांड्यांना लोणी लावलं. "पायात गोळे आले," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर तो कधी शर्यतीत उतरला नाही. लग्न झालं, हँडल उलटं फिरवून वर केलं, मागे कॅरिअर बसवलं, आणि ती सायकल कारखान्याची सायकल झाली. तीस वर्षं. त्या सीटवर. निखिलला शाळेत सोडायला पण त्यावरूनच जायचा.

आम्ही दोघं भाऊ शेवटपर्यंत प्रेमाने राहिलो. दर रविवारी एकत्र चहा. सायकलचा विषय निघाला की तो हवा, टायर, रस्त्यावरचे खड्डे यावर बोलायचा. सीटचं नाव त्याने काढलं नाही, आणि मी पण. त्याला वाटलं असेल मी विसरलो. किंवा त्याला ठाऊक असेल की मी विसरलेलो नाही. आता कुणाला विचारणार?

हे सगळं मी निखिलला फोनवर नाही, त्याच्या घरी जाऊन सांगितलं. वहिनीही होत्या. सांगून झाल्यावर निखिल बराच वेळ फाटलेल्या सीटचा काथ्या बोटाने आत ढकलत बसला होता. मग म्हणाला, "म्हणजे ही सीट बाबांना आवडतच नव्हती?"

मी म्हटलं, तसं नाही. तीस वर्षं बसला म्हणजे सवय झाली असणार. हँडल वर केल्यावर ती सीट त्या सायकलला योग्यही होती, माणूस ताठ बसतो तेव्हा रुंदच हवी. पण तू हँडल पुन्हा खाली करतोयस. कॅरिअर काढलंस. तू जी सायकल उभी करतोयस ती कारखान्याची नाही, १९६७ची आहे. त्या हँडलबरोबर ही सीट लावलीस तर ती एकाच दिवसाची सायकल होईल, ज्या दिवशी त्याने खोपोलीला शर्यत सोडली त्या दिवसाची. तुला हीच सीट हवी असेल तर हँडल वर कर, कॅरिअर लाव, आणि मंडईत जा. तेही वाईट नाही. पण शिंगांचं हँडल लावणार असशील तर बी-१७.

वहिनी म्हणाल्या, "यांच्या मांड्यांवर डाग होते. मला म्हणाले होते लहानपणी पडलो." एवढंच म्हणून त्या आत चहा टाकायला गेल्या.

निखिलने चार दिवस घेतले. मग त्याने नवी बी-१७ मागवली, काळी. किंमत मला विचारू नका, मी ऐकून गप्प बसलो. रेक्झिनच्या सीटचा काथ्या त्याने तसाच ठेवला, नवं रेक्झिन चढवलं नाही, आणि ती गच्चीवरच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. ते बरं केलं. नवी सीट आली तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिली. बोटाने टिचकी मारली तर डफासारखी वाजते. बरोबर एक छोटी मेणाची डबी आहे. ते आधी कातड्याच्या खालच्या, खरखरीत बाजूला लावायचं, तिथून ते मुरतं, वरून अगदी थोडं. निखिल विचारत होता, खोबरेल तेल चालेल का? माझा आवाज थोडा चढलाच. तेलाने कातडं नको तितकं मऊ पडतं, मग ते ताणतं. आणि तो बोल्ट सहा महिने हात लावायचा नाही, सैल वाटलं तर पाव आटा, त्याहून जास्त नाही.

पहिल्या रविवारी तो देहूपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, काका, दगडावर बसल्यासारखं वाटतंय. म्हटलं, बस. दिवाळीपर्यंत बस, मग सांग.

आता इकडे पावसाला सुरुवात झाली आहे. पाच किलो बासमतीची एक रिकामी पिशवी मी धुऊन, वाळवून निखिलकडे नेऊन दिली. सीटवर बरोबर बसते. बांधायला नाडी पण ओवून दिली आहे.